बुडालेल्याने बोलायचं नसतं

दारावर टकटक झाली, तिनं मान वर केली, आणि नेमक्या त्याच क्षणी हातातली सुरी घसरली.

संग्रहालयाच्या तळमजल्यावर, मागच्या अंगाला, जुनी पुस्तकं दुरुस्त करायची एक लांबट खोली होती. एका भिंतीशी लोखंडी दाबयंत्र, दुसऱ्या भिंतीला कागदांचे सपाट खण, आणि मधोमध एवढं मोठं टेबल की त्यावर माणूस आरामात झोपू शकेल. त्या टेबलाशी ती चामड्याची कड तासत बसली होती. तिला सगळे 'सुई' म्हणायचे. पुस्तकं शिवते म्हणून सुई, की बोलणं टोचतं म्हणून, याबद्दल संग्रहालयात दोन मतं होती. तिला दोन्ही ठाऊक होती आणि दोन्ही मान्य होती.

दारात एक उंच माणूस उभा होता. बाहेर भुरभुर पाऊस असावा, कारण त्याच्या केसांवर बारीक थेंब होते. पण हातातली पुडी मात्र शर्टाच्या आत, पोटाशी धरलेली... कोरडी ठणठणीत.

"हे पुस्तक द्यायचं होतं," तो म्हणाला. "वर मॅडमनी सांगितलं, खाली जा. आमच्या पणजोबांचं आहे. प्रथमोपचाराचं. शंभर वर्षांपूर्वीचं तरी..."

बोलता बोलता त्याची नजर तिच्या अंगठ्यावर गेली. जखम काही फार नव्हती, पण अंगठा जरा कापला तरी रक्ताचा गाजावाजा फार करतो. तो माणूस वाक्याच्या मधेच थांबला. चेहऱ्यावरचा रंग उतरला. चौकटीला पाठ लागली, आणि पाठ घासत घासत तो हळूहळू, अगदी सभ्यपणे, खाली बसला आणि मग आडवा झाला.

सुईनं अंगठ्याला फडकं गुंडाळलं आणि धावली. आधी तिनं पुडी उचलली. हे तिनं नंतर कधी कोणाला सांगितलं नाही, पण खरं तसंच होतं... आधी पुडी, मग माणूस. पुडीतून लाल कापडी बांधणीचं, खिशात मावेल एवढं पुस्तक निघालं. घाईघाईत तिनं ते उघडलं आणि 'मूर्च्छा' हा मथळा शोधून काढला.

"'रुग्णास उताणे निजवावे,'" ती मोठ्यानं वाचू लागली. तो निजलेला होताच. "'मस्तक शरीरापेक्षा खालच्या पातळीवर असावे. गळ्याभोवतालची वस्त्रे सैल करावीत. बघ्यांना दूर सारावे.'"

बघे कोणी नव्हते. तिनं त्याच्या पायांखाली कोऱ्या कागदांचा गठ्ठा सरकवला आणि शर्टाची वरची गुंडी सोडली. त्यानं डोळे उघडले तेव्हा तिचे हात त्याच्या कॉलरवर होते.

"तुम्ही माझी कॉलर सोडताय," तो म्हणाला.

"पुस्तकात लिहिलंय."

"कुठल्या?"

"तुमच्याच. तुमच्या पणजोबांच्या. पणतू असा निघेल हे त्यांना माहीत होतं का?"

तो हसला. आडवा पडून माणूस हसला की त्याचं हसणं जरा जास्तच जवळ वाटतं... असं तिला उगाचच वाटून गेलं.

"तुमचा अंगठा?" त्यानं विचारलं.

"डोळे मिटा. नीट बांधते, मग उघडा."

त्यानं निमूटपणे डोळे मिटले. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा होता. उंच इमारतींच्या पोटातल्या काळ्या पोकळीत तो दोराला लटकून काम करायचा, आणि त्याबद्दल त्याला काही वाटायचं नाही. रक्ताचा थेंब दिसला की मात्र संपलं. हे सगळं त्यानं डोळे मिटूनच सांगितलं. अंगठा केव्हाच बांधून झाला होता, तरी "उघडा" म्हणायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो आला. "पेशंट कसा आहे?" म्हणाला.

"कोण पेशंट?"

"पुस्तक."

मग तो येतच राहिला. जवळच्या एका बँकेच्या इमारतीतल्या लिफ्टा बदलायचं काम चालू होतं म्हणे. ते काम किती चाललं असतं कोण जाणे, पण एवढं मात्र खरं की त्या बँकेतले लोक त्या दिवसांत फार जिने चढले.

पुस्तकाची तब्येत नाजूक होती. कणा ढिला, कोपरे मऊ पडलेले, पानं पिवळी. पण सुईचा जीव अडकला तो त्यावरच्या डागांत. बुडण्याचं पान कोरं करकरीत होतं. सर्पदंशाचं पानही तसंच. मोडलेल्या हाडांच्या पानावर काजळीचे ठसे होते. आणि भाजण्याचं पान... ते तेलानं इतकं भिजलेलं होतं की उजेडात धरलं तर पलीकडची अक्षरं दिसायची.

"पणजोबा बॉयलरच्या कारखान्यात होते," लिफ्टवाल्यानं सांगितलं. "वाचता येणारे त्यांच्या पाळीत ते एकटेच. कोणी भाजलं की हाक यायची. आजोबा सांगतात, त्यांच्या वडिलांच्या हाताला कायम जवसाच्या तेलाचा वास यायचा. जवसाचं तेल आणि चुन्याची निवळी, हाच तेव्हा भाजण्यावर उपाय."

"म्हणजे हा डाग तोच," सुई म्हणाली. "एका हातानं तेल लावायचं आणि दुसऱ्या हातानं पान धरायचं. अंगठा बघा कुठे आहे... इथे. नेहमी इथेच." तिनं आपला अंगठा त्या डागाच्या वर, न टेकवता, धरला. "वर मॅडम म्हणतात डाग जरा फिके करता येतील. मी म्हटलं, डाग काढले तर मग उरलं काय? छापलेलं पुस्तक तर शेकडो कारखान्यांत वाटलं असेल. वापरलेलं हे एकच आहे."

तो पुस्तकाकडे बघतच नव्हता.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. पणजोबांचा हेवा वाटला."

"मेलेल्या माणसाचा कसला हेवा?"

"त्यांच्या अंगठ्याकडे तुम्ही ज्या डोळ्यांनी बघताय ना... आमच्याकडे असं कोणी बघत नाही."

सुईकडे प्रत्येक बोलण्याला उत्तर तयार असायचं. त्या दिवशी तिनं चिकटवायच्या खळीच्या वाटीत उगाच ब्रश फिरवला आणि म्हणाली, "जेवणाची सुट्टी संपली असेल तुमची." तो गेल्यावर पाहिलं तर खळीत गुठळ्या झालेल्या.

सगळं असं छान चाललं होतं, आणि मग वरच्या मॅडमना एक कल्पना सुचली.

मॅडम म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुख. त्यांना फोटो काढायचा मोठा नाद. त्यांनी ठरवलं की पुस्तक काचेत ठेवून लहानसं प्रदर्शन करायचं आणि पुस्तकातल्या चित्रांबरहुकूम खऱ्या माणसांचे फोटो काढून भिंतीवर लावायचे. पुस्तकातली चित्रं होतीही मजेदार. डोक्याला, हाताला, गुडघ्याला पट्ट्या बांधलेले मिशीवाले पुरुष, आणि इतकं मोडूनतोडूनही चेहऱ्यावर पूर्ण समाधान.

पट्ट्या बांधायला मॅडमनी एका सिस्टरला बोलावलं. कारखान्याकारखान्यांत जाऊन प्रथमोपचार शिकवणं हे तिचं काम. आणि जखमी म्हणून? जखमी तर रोज मधल्या सुट्टीत आपल्या पायांनी चालत येतच होता.

सिस्टर आली. दंड भरलेले, कमरेवर हात, आणि हसणं असं की ते खोलीभर पसरायचं आणि नंतर जायचं नावच घ्यायचं नाही. सुईला ती बघताक्षणी आवडली. पुढे जे झालं त्यात सगळ्यात त्रासाचं हेच होतं.

पुस्तक हाताळायचा अधिकार फक्त सुईचा. तेव्हा तिनं पुस्तक धरायचं आणि कृती वाचायची, सिस्टरनं पट्टी बांधायची, मॅडमनी फोटो काढायचा, असं ठरलं.

"'हाताचे हाड मोडल्यास त्रिकोणी पट्टीची झोळी करून गळ्यात अडकवावी,'" सुईनं वाचलं.

सिस्टरनं पट्टी झटकली आणि लिफ्टवाल्याच्या गळ्यामागून घेतली. "खांदे सोडा जरा. अहो, मोडलाय हात तुमचा, मिरवणुकीत नाही उभे. हां... खांदे काय आहेत पण. एका पट्टीत मावायचे नाहीत."

"लिफ्टचे दोर ओढून ओढून," तो म्हणाला.

"मला पण न्या एकदा ओढायला."

दोघं हसली. मॅडमही हसल्या. सुईनं पान उलटलं. जुन्या कागदाचं पान असं फाडकन उलटू नये, हे ती नवीन मुलींना शिकवायची.

डोक्याची पट्टी झाली. सिस्टरनं त्याचे केस मागे सारले... एकदा सारले तरी पुरलं असतं. गुडघ्याची झाली. सिस्टर त्याच्या पायाशी बसली आणि काहीतरी बोलली, सुईला ऐकू आलं नाही, आणि तो खळखळून हसला. सुईनं पुस्तकावरून मान वर केली. इतके दिवस आपण डाग दाखवतोय, शिलाई दाखवतोय, हा असा कधी हसला? स्मित करायचा. स्मित तर माणूस तिकीट काढताना पण करतो.

"पुढचं?" सिस्टरनं विचारलं.

सुईनं शांतपणे पानं चाळली. घोट्याची मुरड होती, बोटाची जखम होती. ती एका चित्रापाशी थांबली.

"जबडा," ती म्हणाली. "'जबड्याचे हाड मोडल्यास एक अरुंद पट्टी हनुवटीखालून घेऊन मस्तकावर बांधावी व दुसरी हनुवटीवरून घेऊन मानेमागे बांधावी. रुग्णास बोलू देऊ नये.'"

पट्टी घट्ट बसली. लिफ्टवाल्याचं तोंड बंद झालं. तो पट्टीच्या वरून सुईकडे बघत होता. डोळ्यांत हसू होतं की प्रश्न, ते तिनं बघितलं नाही.

"छान दिसतंय," ती म्हणाली. "असंच राहू दे थोडा वेळ."

फोटो संपल्यावर बेसिनपाशी हात धुताना सिस्टरनं तिला सरळच विचारलं. "एक सांग. तो तुझा आहे का?"

"कोण?"

"आता कोण म्हणजे. जबडा."

सुईनं साबण खाली ठेवला. "पुस्तक त्यांचं आहे. तेवढाच संबंध."

"नक्की ना? मला कोणाच्या मधे पडायला आवडत नाही. नसेल तर मी त्याला चहाला विचारणार आहे."

"विचारा की. मला कशाला सांगताय?"

सिस्टर क्षणभर थांबली. तिनं खरंच वाट बघितली. सुई नळाच्या पाण्याकडे बघत राहिली. मग सिस्टर हात पुसून गेली. खिडकीतून सुईला दिसलं... एक छत्री, दोन माणसं, आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानाचं काचेचं दार. छत्री त्यानं धरली होती. उंच माणसानंच धरायची असते म्हणा. पण एवढी तिच्या बाजूला कलती कशाला?

उरलेली चित्रं पुढच्या आठवड्यात घ्यायची होती. त्यात बुडालेल्या माणसाला श्वास द्यायची कृती होती. त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसायचं, त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घ्यायचे, वर न्यायचे, खाली आणायचे. पुस्तकात ते चित्र पान भरून होतं. सुईनं ते उघडलं, पाहिलं, मिटलं. पुन्हा उघडलं. चित्रात डोक्याशी बसलेल्या मिशीवाल्याच्या जागी सिस्टर दिसायला लागली, तशी ती उठली, जिना चढली आणि मॅडमच्या समोर उभी राहिली.

"कण्याची शिलाई सुटते आहे," ती म्हणाली. "पुस्तक उघडता येणार नाही. महिनाभर तरी."

मॅडमनी चष्मा काढला. "प्रदर्शन मग रद्दच करावं लागेल. पुढे दालन मोकळं नाही."

"हो... पण इलाज नाही."

"तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार," मॅडम म्हणाल्या. एवढंच. पुस्तक आणा, बघू, असंही म्हणाल्या नाहीत. जिना उतरताना सुईला प्रत्येक पायरी वाजत असल्यासारखी वाटली.

दोन दिवसांनी लिफ्टवाला आला. मधल्या सुट्टीची वेळ नव्हती. "पेशंट कसा आहे" असंही नाही. हातात एक स्वच्छ जुनं पांघरूण होतं, मऊ, घडी केलेलं.

"मॅडमचा फोन आला होता. मी घेऊन जातो त्याला," तो म्हणाला. "माझंच चुकलं. फोटोच्या नादात किती वेळा उघडलं आपण. कपाटात होतं ते बरं होतं."

सुईनं टेबलावरचे धागे गोळा करायला घेतले.

"आजोबांना सांगितलं काल. रोज सकाळी विचारायचे, कधी आहे, कधी आहे. या वयात दुसरं काय असतं. काल नाही म्हटल्यावर त्यांनी बाहेर काढून ठेवलेला नवा शर्ट परत कपाटात ठेवला. स्वतः उठून." त्यानं पांघरूण टेबलावर पसरलं. "द्या."

तिनं खणातून पुस्तक काढलं. त्याच्या हातात देणार, एवढ्यात तिचे हात तिथेच थांबले. पुस्तक तिनं टेबलावर ठेवलं आणि उघडलं. ते अलगद उघडलं, सपाट, नव्या शिलाईवर. एक धागाही हलला नाही.

"याला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "मी खोटं बोलले."

त्यानं पुस्तकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. राग यायला त्याला वेळ लागला. त्याला सवय नसावी.

"का?"

सुईनं पुस्तक मिटलं आणि त्याच्या कडा उगाच सरळ करत राहिली.

"माझ्यावर राग असेल तर मला सांगायचं होतंत," तो म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला का मधे घेतलं?"

पांघरूण तिथेच टाकून तो गेला.

संध्याकाळी घरी आई उशांचे अभ्रे बदलत होती. सुई मदतीला बसली. एक अभ्रा तिनं असा ओढला की शिवण उसवली.

"त्याचा काय अपराध?" आईनं विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. रडत नव्हे, चिडत. सिस्टरचं हसणं, छत्री, जबडा, शिलाई. आई ऐकत होती. छत्रीपाशी तिनं ओठ दाबून हसू आवरलं. शिलाईपाशी मात्र तिचा हात थांबला.

"पुस्तकाबद्दल खोटं बोललीस? तू?"

"हो."

"माणसांबद्दल तू सोयीनं बोलतेस, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पुस्तकांबद्दल कधी ऐकलं नव्हतं." आईनं उशी थोपटून बाजूला ठेवली. "एवढं आवडतं का तुला ते माणूस?"

सुईनं दुसरी उशी पोटाशी धरली. "मला वाटलं नव्हतं एवढं असेल."

"मग आधी मॅडमना सांग. ते निस्तरलंस की त्याच्यासमोर उभं राहायचं तोंड राहील."

मॅडमना सांगणं सोपं गेलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "रद्द झाल्याचं मी अजून जाहीर केलं नव्हतं, तारीख तशीच ठेवू," त्या म्हणाल्या. "पण काही दिवस तुझ्याकडून येणारं प्रत्येक पुस्तक मी स्वतः उघडून बघणार. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट वाटलं. वाटायलाच हवं होतं. लिफ्टवाल्याला फोटोसाठी बोलवायचं काम मॅडमनी आपल्याकडे घेतलं, आणि सुईनं सिस्टरला फोन लावला.

"मी तुला सरळ विचारलं होतं," सिस्टर म्हणाली. आवाजात आज हसू नव्हतं. "सरळ सांगायला काय झालं होतं?"

"मला स्वतःलाच कळलं नव्हतं."

"आता कळलं?"

"हो."

"मग त्याला सांग, मला काय सांगतेस." सिस्टर म्हणाली. "आणि माहिती हवी असेल तर ऐक. मी दुसऱ्यांदा चहाला विचारलं होतं. नाही म्हणाला. फार सभ्यपणे नाही म्हणाला, म्हणून जरा जास्त लागलं. येईन मी फोटोला. कामाला नाही म्हणत नाही मी."

ठरल्या दिवशी तो आला. मॅडमना नमस्कार केला, सिस्टरशी दोन शब्द बोलला. सुईकडे बघून मान हलवली... तेवढीच. मॅडमनी जमिनीवर चटई अंथरली. तो शर्टाच्या बाह्या दुमडून चटईवर उताणा झाला. बाहेर पाऊस लागला होता, आणि खोलीतला दिवा दिवसाच लावावा लागला होता.

"अशी पद्धत आता कोणी वापरत नाही हं," सिस्टर पट्ट्या बाजूला सारत म्हणाली. "कोणी बुडालंच तर हे करत बसू नका." मग ती त्याच्या डोक्याशी जायला निघाली.

"सिस्टर," सुई म्हणाली. "हे मी करू?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. सुईनं पुस्तक दोन्ही हातांनी उचललं आणि सिस्टरपुढे धरलं. या पुस्तकाला तिनं मॅडमनाही हात लावू दिला नव्हता. सिस्टरनं आधी पुस्तकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि ते जपून घेतलं.

"'रुग्णाच्या मस्तकाशी गुडघे टेकून बसावे,'" सिस्टर वाचू लागली.

सुई बसली. त्याचा चेहरा तिला उलटा दिसत होता... हनुवटी वर, कपाळ खाली. उलटा चेहरा वाचता येत नाही. ते बरंच होतं.

"'दोन्ही बाहू कोपराखाली धरून मस्तकावरून मागे न्यावेत. तेणेकरून छाती विस्तारते.'"

तिनं त्याचे हात धरले. त्याचे हात थंड होते. कदाचित तिचे गरम असतील. वर.

"तुम्ही विचारलं होतंत ना, का," ती पुटपुटली.

त्यानं एक डोळा उघडला. "काय?"

"गप्प पडा," सिस्टर म्हणाली. "बुडालेल्याने बोलायचं नसतं. बघायचंही नसतं."

त्यानं डोळा मिटला. सुईनं हात खाली आणले, त्याच्या छातीशी टेकवले.

"मला बघवत नव्हतं," ती अगदी हळू म्हणाली. हात वर. "तुमच्या गळ्यात झोळी बांधली तेव्हापासून." हात खाली. "जबडा मी मुद्दाम निवडला." वर. "तुमचं तोंड बंद व्हावं म्हणून."

त्याची छाती हलली. श्वास नव्हता तो.

"हलू नका," कॅमेऱ्यामागून मॅडम म्हणाल्या. "फोटो हलतोय."

"आजोबांचं मला फार वाईट वाटतं," सुई म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. "त्यांना मी स्वतः सांगेन... माझ्यामुळे झालं म्हणून. आणि... तुम्ही मला आवडता. रागावलेले असलात तरी. परवापासून दार वाजलं की मला तुम्हीच वाटता, आणि निघतो पाणी पाजणारा शिपाई."

सिस्टर वाचत होती, जरा मोठ्यानंच. "'श्वास आपला आपण चालू होईपर्यंत ही क्रिया सोडू नये.'"

हात वर गेले आणि तिथेच राहिले. कारण त्यानं मनगट वळवलं होतं आणि तिचा हात आपल्या बोटांत घट्ट धरला होता. डोळे मिटलेलेच होते. सांगितलेलं तो नीट पाळत होता.

"बुडालेल्यानं हात धरलाय," मॅडम म्हणाल्या. "चित्रात असं नाही."

"पुढच्या पानावर आहे," सिस्टर म्हणाली. "'रुग्ण शुद्धीवर येत असल्याची चिन्हे.'" तिनं पुस्तक मिटलं, दोन्ही हातांनी, हळू, आणि टेबलावर ठेवलं. "चला मॅडम, माझ्या पट्ट्या मोजायला मदत करा वर. इथे उजेड कमी आहे."

पट्ट्या मोजायला उजेड कशाला लागतो, हे मॅडमनी विचारलं नाही.

खोलीत पावसाचा आवाज तेवढा उरला. तो उठून बसला. केस विस्कटलेले, कोपरांना चटईचे वळ.

"आता बोललं तर चालेल?"

"चालेल."

"राग गेलेला नाही माझा. सगळा."

"किती उरलाय?"

तो विचार करत बसला. खरंच विचार करत होता. "आधी आजोबांना फोन करू दे. मग बघून सांगतो."

फोन त्यानं तिच्यासमोरच केला. पलीकडून खणखणीत म्हातारा आवाज आला. ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसा. प्रदर्शन होणार म्हटल्यावर आजोबांनी विचारलं की पुस्तक काचेत कुठल्या पानावर उघडून ठेवणार.

लिफ्टवाल्यानं तिच्याकडे पाहिलं. "भाजण्याच्या," सुईनं खुणेनं नाही, तोंडानंच सांगितलं, मोठ्यानं.

"कोण बोललं ते?" आजोबांनी विचारलं.

"जिनं शिवलं ती," तो म्हणाला. "येईल ती घरी. तुम्हाला काहीतरी सांगायचंय म्हणते." फोन ठेवून तो तिच्याकडे वळला. "थोडा उरलाय. चहा घेतला तर जाईल. येतेस?"

'येता का' नाही म्हणाला, 'येतेस' म्हणाला. सुईनं ते ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवत दारामागची छत्री काढली.

बाहेर पाऊस सरळ रेषेत पडत होता. छत्री त्यानं धरली. कोपऱ्यावर आल्यावर तो सवयीनं काचेच्या दाराकडे वळला.

"इथे आला होतात ना तुम्ही?" तिनं विचारलं. "तिच्याबरोबर?"

"हो. चहा छान असतो यांचा."

"मग इथे नको."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग पावसाकडे. "दुसरं दुकान पार पुलापलीकडे आहे. भिजू आपण. आणि तिथला चहा अगदी पाणचट."

"असू दे."

"आत्ता एवढं सगळं बोललीस, तरी अजून?"

"अजून," सुई म्हणाली. "मला वाटतं हे काही एका दिवसात जाणारं नाही. तुला चालणार असेल तर बघ."

त्यानं छत्री तिच्या बाजूला कलती केली, इतकी की त्याचा एक खांदा पूर्ण बाहेर राहिला, आणि दोघं पुलाच्या दिशेनं चालू लागली. चहा पाणचटच निघाला. दोघांनी दोन दोन कप घेतले.